टॉफ्टेबाईंचा जबाब

नॉर्थ डकोटा,
११ जून १९८४

प्रिय हाल्वर,

आम्ही ठीक आहोत. आर्नेचा गुडघा पुन्हा सुजलाय, तरी ट्रॅक्टरवरून उतरायला तयार नाही. गहू वीतभर वर आलाय. रूबार्बचा जॅम यंदा जरा पातळच झाला.

संघीय न्यायालयासाठी राष्ट्राध्यक्षांनी तुझं नाव सुचवल्याचं पेपरात आलं, तेव्हापासून चर्चमधल्या बायका माझ्याशी नको इतकं गोड बोलतात. "सिनेटने एकदा हो म्हटलं की जन्मभराची खुर्ची!" पाद्रीणबाई म्हणाल्या. मी हसले.

नेमणुकीआधीची चौकशी करायला एफबीआयचा माणूस मंगळवारी येऊन गेला. तुला ठाऊकच आहे म्हणा. त्याची गाडी फाटकाबाहेर पडते न पडते, तोच तुझा फोन. तीन वर्षं नाताळचं कार्डही तुझ्या सेक्रेटरीच्या अक्षरात येतं, आणि या एका आठवड्यात तीन फोन! "काय विचारलं त्याने? माझ्या सरकारी वकिलीच्या दिवसांबद्दल काही?" तिसऱ्या वेळी तू हसत म्हणालास, "सोली, तुझ्या त्या शॉर्टहँडच्या वह्या अजून माळ्यावर आहेत का गं? उंदीर झाले असतील. जाळून टाक की."

मला त्या वह्यांची आठवणही नव्हती, हाल्वर. तू करून दिलीस.

मी माळ्यावर चढले. सहासष्ट सालच्या वहीत टॉफ्टेबाईंचा जबाब आहे, मी तुझ्या कचेरीत टायपिस्ट होते तेव्हाचा. "धान्याच्या कोठाराला आग लागली तेव्हा रेमंड डेकोटो माझ्याकडे होता. पंप दुरुस्त केला, जेवला आणि मग गेला." टाइप करून मी तो तुझ्या टेबलावर ठेवला होता. खटल्याआधी म्हातारी वारली. कोर्टात तो कागद निघालाच नाही.

तेव्हा मी विचारलं होतं. "त्याच्या वकिलाला पाठवला. त्याने नाही वापरला, त्याला मी काय करू?" फायलीतून मान वर न करता तू म्हणालास. मी पुढे काही विचारलं नाही. तू माझा भाऊ होतास आणि रेमंड आपला कोणी नव्हता. ती आग लावल्याच्या आरोपाखाली त्याने सहा वर्षं तुरुंगात काढली.

मंगळवारी त्या माणसाने विचारलं, "भावाच्या सचोटीबद्दल कधी शंका आली?" मी म्हणाले, "कधीच नाही." वर कॉफीही दिली.

शुक्रवारी मी रेमंडच्या त्या वकिलाकडे गेले. आता थकलाय, पण डोकं शाबूत आहे. "कुठला कागद, बाई?" म्हणाला. मी वहीतून वाचून दाखवलं. त्याने पुन्हा वाचायला लावलं. "हा माझ्याकडे कधी आलाच नाही," म्हणाला.

वही त्याच्याकडेच ठेवलीय. तेव्हा ती शोधायला इकडे येऊ नकोस. असं काही भावाला लिहावं लागेल, असं कधी वाटलं नव्हतं.

एफबीआयचा माणूस गुरुवारी पुन्हा येतोय. मीच बोलावलंय. तू नाव मागे घेतलंस तरी मी सांगणार आहे. रेमंडच्या कपाळावरचा डाग तेवढ्याने पुसला जाणार नाही.

काल रेमंडकडे गेले होते. केस पांढरे झालेत. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बाई, तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं?"

मी हो म्हणाले.

तुझ्याइतकीच दोषी,
सोलवेग