सहा ठिकाणचं पाणी

सोमवार, ता. ४
आधी आली ती लांबडी. आमची खोकी अजून दारातच, अन् ही बाई आत येऊन बसलीसुद्धा! मागोमाग बोळकी, तोंडात एक दात नाही पण हसते झकास. तिच्यामागे एक अबोल, तिचं नाव मी मनातल्या मनात घुमी ठेवलंय. शेजार असावा तर असा. आमची जुनी शेजारीण साखर मागायची तीसुद्धा उंबऱ्याबाहेरून हात लांब करून. जाऊ दे, मेलीचं नाव कशाला आजच्या दिवशी.

तर माझी लेक इथे मोठी शास्त्रज्ञ होऊन आली. सगळं शहर ह्या तळ्याचं पाणी पितं आणि त्याची राखण तिच्याकडे. ती म्हणेल चांगलं, तर चांगलं. खाली तिची प्रयोगशाळा, वर आम्ही तिघी: ती, मी आणि नात चिमणी. चिमणी म्हणाली, आजी, तू लिहीत जा, नाहीतर दिवसभर माझं डोकं खातेस. माझी शाळा चौथीतच सुटली, पण बडबड करायला शाळा कशाला लागते?

बायकांना चहा विचारला. नको. पाणी? तेही नको. लाजल्या असतील.

बुधवार, ता. ६
आज लेकीचं काम पाहिलं बाई! नावाडी तिला तळ्यातल्या सहा जागी नेतो. प्रत्येक जागी बाटली आधी तिथल्याच पाण्यानं तीनदा विसळायची, मग भरायची. घरी आली की सहाही बाटल्या एका मोठ्या कॅनमध्ये ओतते आणि एकदाच तपासते. मी विचारलं, वेगवेगळं का नाही गं? हसली. म्हणाली, आई, सहा-सहा वेळा तपासायला वेळ कुणाला आहे? मागे ती इथे धाकट्या हुद्द्यावर होती तेव्हा ही युक्ती तिनंच काढली. साहेब खूश, कामं पटापट, त्यातूनच ही बढती. माझ्यावरच गेलीय. माझ्याही हातून मीठ जास्त पडलं की मी गुपचूप पाणी वाढवते, कोण ओळखतंय?

दुपारी बायकांना हे कौतुकानं सांगितलं. लांबडी कान देऊन ऐकत होती. तिच्या तळहातांवर मोहरीएवढे कडक दाणे. कष्टाचे हात, म्हटलं. राहता कुठे? तर तळ्याच्या पल्याडच्या टोकाला, कारखान्याचा नाला येतो तिथे. अगं बाई, म्हटलं, सहावी बाटली तिथलीच की!

शनिवार, ता. ९
आज बोळकी आली ती न हसताच. म्हणाली, आमच्याकडचं पाणी वाईटच होतं. तुमच्या लेकीनं ते पाच चांगल्यांत मिसळलं, मग दिसणार कुठून? मी म्हटलं, मग पीत जाऊ नका ना. तेव्हा तिघी हसल्या. कसं हसल्या ते मला लिहिता येणार नाही.

मग घुमीनं तोंड उघडलं. म्हणाली, आमची पोरं मेली तेव्हाही तसंच झालं. सगळ्या शहराच्या मेलेल्यांत मोजली. शहर मोठं. दिसलीच नाहीत.

मला राग आला. माझ्या लेकीनं काय मुद्दाम केलं? लांबडी म्हणाली, छे हो आजी, मुद्दाम कोण करतंय. आम्ही मात्र मुद्दाम करणार.

रविवार, ता. १०
नावाड्याला विचारलं. त्या टोकाला आता कुणी राहत नाही म्हणे. लांबडीची उंची, तळहातावरचे ते दाणे सांगितले, तर हातातलं वल्हं खाली ठेवलं. त्याची वहिनी ती. त्यानं स्वतः खांदा दिलाय. मला एवढंच विचारलं, तिनं पाणी मागितलं का? नाही म्हटलं. नावेची दोरी बांधत म्हणाला, मग ती पाण्यासाठी नाही आली.

मंगळवार, ता. १२
लेकीपुढे हात जोडले. नाल्याकडचं वेगळं तपास, चारचौघांत सांगून टाक. उसळली माझ्यावर. म्हणाली, आता वेगळं तपासलं तर मागचं सगळं माझ्या गळ्यात येईल, आई.

म्हणजे तिला ठाऊक आहे. माझ्या पोटची पोर, आणि ठाऊक आहे तिला.

बुधवार, ता. १३
कडी लावली होती. तरी तिघी आत. लांबडी म्हणाली, घाबरू नका, तुमच्या लेकीला आमच्यात मिसळून घेतो. ती एकटी, आम्ही इतक्या जणी. चवसुद्धा लागायची नाही. म्हटलं, मला न्या, मी पिकलं पान. म्हणाल्या, तुम्ही बाटली भरली होती का?

शुक्रवार, ता. १५
कामावर जाऊ नको म्हटलं. गेली. नावाडी एकटाच परतला. सहाव्या जागी बाटली विसळायला वाकली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा वाकली ती —

शनिवार
तळ्यात माणसं उतरली. काही नाही. चिमणी विचारते आई कधी —

आज चौघी आल्या. एक माझी. पण कुठली? चौघींचं तोंड एकच. मी एकेकीची हनुवटी धरून पाहिली. नऊ महिने पोटात वाढवलेली, आणि ओळखता येईना — चौघी एकदम म्हणाल्या, आई.

म्हटलं, झालं ना तुमच्या मनासारखं? सोडा आता.

घुमी असेल, किंवा — कुणीतरी म्हणालं, आमच्या पोरांचा हिशेब कुठे झाला अजून? चिमणीला तयार ठेवा. सोमवारी येतो.

रविवार
नावाड्याला सांगितलंय, पहाटे ने आम्हाला, कुठेही. तो नाही म्हणाला नाही. हो पण म्हणाला नाही.

सोम —