वॉर्मरवरची पुडी

१२ फेब्रुवारी, सकाळी ११.२०
घड्याळ बघूनच लिहितेय. माधवीची मुलगी, माझी नात. दोन महिने आधी आली, सव्वा किलोची. नर्सरीत आहे, मी काचेबाहेर. सिस्टरने माधवीचं काढलेलं दूध उकळत्या पाण्यात धरलं, वाफा निघत असतानाच त्यात अर्धी पुडी पावडर ओतली. मग निववून नळीतून दिलं. उरलेली पुडी दुमडून बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरवर, तापत.
विचारलं. "आंटी, अच्छे कीटाणू हैं, जिंदा. आँत सड़ती नहीं. सबको देते हैं."
जिवंत! कढत दुधात विरजण घालत नाहीत, हे आमच्या बुधवारा वस्तीतलं शेंबडं पोरही सांगेल. आणि आम्हाला विचारलं कोणी?

दुपारी १.३०
माधवी आत जाऊन आली. "आई, फाइलवर आज रात्री आठच्या रकान्यातही पावडर दिल्याची बरोबरची खूण आहे."
रात्रीचे आठ अजून वाजायचेत! आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या नन सिस्टरांनी याला सरळ खोटं म्हटलं असतं.

१३ फेब्रु.
रिकामी पुडी मागितली. नाही दिली. खोक्यावरचं काचेतून वाचलं: थंड जागी ठेवा.
डॉक्टर: "मैडम, आँतों की ये बीमारी जान लेती है. पावडर से फायदा दिखा है, इसलिए देते हैं. दही जमाना नहीं है ये."
तेच तर. दही बिघडलं तर ओतून देता येतं.

१४ फेब्रु., सकाळ
बाळाचं पोट फुगलं. दूध बंद, सलाईन, एक्स-रे. डॉक्टर: "देखते हैं."
पावडरीने झालं असं मी म्हणत नाही. पावडर नुसती कागदावरच दिली असेल तर?
माधवीने हात धरला. "आई, भांडू नकोस गं. ती त्यांच्या हातात आहे."
बाळंतपणाला माहेरी आणायचा हट्ट माझाच. सासरचे नको म्हणत होते. आता त्यांचा फोन आला की काय सांगू?

दुपार
पुड्या फ्रिजमध्ये गेल्या! माधवी सांगते, परवाच्या आठच्या खुणेवर पांढरी शाई. म्हणजे ऐकू येतं त्यांना.

१५ फेब्रु.
पोट तेवढंच. वाढलं नाही, उतरलंही नाही.
हॉस्पिटलला अर्ज लिहिला. कोणते जंतू, कोणाला विचारून, जिवंत होते का, आणि पांढऱ्या शाईखाली काय आहे. माधवीने तो वाचला. मग पेन मागितलं, माझ्या सहीखाली सही केली. अर्ज दिला, पोच घेतली.
उद्या सकाळी ११.२० च्या आत लेखी उत्तर हवं. तोंडी नको. तोंडी मला सगळे आंटीच म्हणतात.