सिंधूच्या लग्नातले आठ भोंगे

नांदेड, २ तीर १३५५ फसली (मे १९४६)
लेकीचं, सिंधूचं लग्न पंधरवड्यावर. भाड्याच्या घरात जागा न्हाई, म्हणून मांडव दोन गल्ल्या पलीकडे देवळाच्या पटांगणात. आबांचे पाय गेलेले, बाजेवरच असतात. काल डोळे पुसत म्हणाले, नातीची मंगलाष्टकं कानावर तरी पडू द्या. मी शब्द दिला. सरकारी मदरशात मास्तर हाय, पोरांना सायन्स शिकवतो, एवढा इंतजाम मला जड न्हाई. मंगलाष्टकंही मीच रचणार.

५ तीर
अँप्लिफायर भाड्यानं आणला. पंधरा वॅट, एक भोंगा. आवाज घरापर्यंत पोचत न्हाई. पण भोंगा सोळा ओहमचा. दोन पॅरललमध्ये जोडले की आठ ओहम. ओहम निम्मे, वॅट दुप्पट. म्हणजे आठ भोंग्यांना एकशेवीस वॅट, अन् अँप्लिफायर तोच. लोकांना हे सुचत कसं न्हाई?

८ तीर, सकाळ
अँप्लिफायरसोबतच्या किताबात लिहिलंय, आठ ओहमच्या खाली जाऊ नये. कंपनी भित्री.
बायको चतुरा म्हणाली, वरण तेवढंच अन् पळ्या आठ केल्या तर वाढणार काय? तिला ओहम कळत न्हाई. वाद घातला न्हाई.

दुपारी घातला.

१२ तीर
आठ भोंगे जमले. तीन धर्माबादहून, दोन लातूरहून, बाकी इथलेच. ट्रायल घेतली. आवाज चिलटाएवढा, अँप्लिफायर तव्यासारखा गरम. दोष बॅटरीचा. चतुरा म्हणून राहिली, आबांना उगा आस लावू नका. डोकं भणाणलं. घरात एक माणूस साथ देईल तर शपथ.

१७ तीर, सकाळ
नवी बॅटरी. गणित पुन्हा तपासलं, बरोबर. आठवा भोंगा आबांच्या खिडकीशी. आबा नवा पटका बांधून, कान खिडकीकडे करून पडलेत.

१७ तीर, संध्याकाळ
माझं पहिलं मंगलाष्टक अर्ध्यावर होतं अन् अँप्लिफायरमधून धूर. आठही भोंगे मुके. मी तारा हलवत बसलो. व्याही सटवाजी, चाकूरचे शेतकरी, यांनी चतुराला विचारलं, एवढे भोंगे कशाला? तिनं सांगितलं. ते तिघांना घेऊन गेले अन् आबांना बाजेसकट उचलून आणलं, अंतरपाटाशेजारी ठेवलं. पुढं नेहमीचीच मंगलाष्टकं लोकांनी तोंडानंच म्हटली. आबांनी सिंधूवर अक्षता टाकल्या.
माझी मात्र सात कडवी राहून गेली.

१८ तीर
आबांना समजावलं, व्याह्यांनी घाई केली, न्हाई तर घरबसल्या एकशेवीस वॅट ऐकले असते. आबा म्हणाले, शेषा, मला ऐकायचं नव्हतं रे, यायचं होतं. पण तू उचलून नेशील असं वाटलं न्हाई, म्हणून तेवढंच मागितलं.

गणित परत तपासलं. बरोबरच हाय.
जेवण गेलं न्हाई.