पाच मुलं, दोन कुत्री

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५
आजपासून पाच मुलं. पाचवी संस्कृती, साडेतीन वर्षांची. आई स्वरूपा, चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. वडील सध्या गुजरातमधल्या प्लांटवर. पोरगी बोलत नाही. रडलीही नाही. दारात चप्पल काढली, नीट जोडून ठेवली आणि भिंतीला टेकून बसली ती थेट जेवणापर्यंत.

स्वरूपा जाता जाता म्हणाली, "काकू, कुत्री आहेत असं कळलं. बंद असतात ना?" (माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनीच लहान असेल. पण मुलं काकू म्हणतात म्हणून आयाही म्हणतात.) म्हटलं, "आठ ते सहा मागच्या अंगणात. लशी झाल्यात, कार्ड दाखवू?" नको म्हणाली.

खरं तर चिंगीच बंद असते. शेराला कोंडावं लागत नाही. बारा वर्षांचा झाला. दिवाणाखाली पडलेला असतो, मुलं अंगावरून जातात तरी हलत नाही. जुन्या आयांना माहीत आहे. नवीन बाईला पहिल्याच दिवशी एवढं कशाला सांगायचं!

गुरुवार, ६ फेब्रुवारी
पहाटे साडेपाचला दोन्ही कुत्र्यांना फिरवून आणलं. पाय पुसले. सातच्या आत हॉल झाडून फिनेलने पुसला. तरी अकरा वाजता निरंजनच्या मुठीत केस! अकरा महिन्यांचा आहे, सापडेल ते तोंडात. बोट घालून काढला. पांढरा, म्हणजे शेराचा.

चिंगीने वाळत घातलेलं दुपटं फाडलं. या वर्षातलं तिसरं. नवऱ्याला, रणजीतला, दाखवलं तर हसला. ती त्याची. दोन वर्षांपूर्वी महाळुंग्याच्या कंपनीच्या गेटवरून डब्याच्या पिशवीत घालून आणली. मला विचारलं नव्हतं.

शेरा माझा. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी डांगे चौकातून उचलला.

सोमवार, १० फेब्रुवारी
संस्कृती आज पहिल्यांदा बोलली. शेराजवळ बसून. काय बोलली ते ऐकू आलं नाही. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तशी गप्प.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
चार वाजता झालं.

मुलांना बिस्किटं दिली. मागे कपडे काढायला गेले. निरंजन रडला म्हणून धावत आत आले. जाळीच्या दाराला कडी घातली नाही. ही माझी चूक. निरंजनला उचलतेय तोवर हॉलमधून किंचाळी. एकच, आणि लगेच बंद.

संस्कृती दिवाणापाशी उभी. उजव्या हाताची तर्जनी दुसऱ्या मुठीत धरलेली. बोटांमधून रक्त. चिंगी समोर, तोंडात अर्धं बिस्कीट. शेपटी हलवत होती!

चिंगीला मागे ढकललं, कडी घातली. बोट नळाखाली धरलं, साबणाने धुतलं. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. दाताची खूण एकच. खोल नाही, पण रक्त आलं म्हणजे आलं. पोरगी रडत नव्हती, पाण्याकडे बघत होती. चिकटपट्टी लावली.

सहाला स्वरूपा आली. विचारलं, "हे काय झालं?"
म्हटलं, "दारात बोट चेमटलं."
बोलून गेले. तिने बोटाची पापी घेतली आणि स्कूटरवर बसवून घेऊन गेली.

रणजीतला सांगितलं.
"चिंगी? तुला खात्री आहे?"
"तोंडात बिस्कीट होतं तिच्या."
नीट जेवला नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी
सकाळी स्कूटरचा हॉर्न वाजला. बाहेर गेले आणि फाटकातच सांगून टाकलं. दार नाही, कुत्रं. काल खोटं बोलले. आत्ता पिंपरीच्या सरकारी दवाखान्यात जा, आजच इंजेक्शन लागतं.

का सांगितलं? चांगुलपणा वगैरे नाही. कार्ड असलं तरी रेबीज झाला तर पुढे काहीच नसतं, हे मला माहीत आहे. ती भीती होती.

स्वरूपाने हेल्मेट काढलं. वाटलं, ओरडेल. तिने फक्त विचारलं, "काल का नाही सांगितलंत?"
"घाबरले."
"तुम्ही घाबरलात," ती म्हणाली. हेल्मेट परत घातलं आणि गाडी वळवली.

दुपारी तिचा मेसेज. दोन्ही दंडांवर इंजेक्शन. शिवाय जखमेतच, बोटात, सीरमची सुई. दोन बायकांना पोरगी धरावी लागली. पुढचे डोस तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा म्हणालेत. खाली एक ओळ: "ती उद्यापासून येणार नाही."

चिंगीला पत्र्याच्या शेडमध्ये साखळीला बांधलं. तिला साखळीची सवय नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
दोन मुलं गेली. जुळ्या बहिणी. त्यांची आई नीट बोलली, "तुमच्यावर राग नाही हो, पण घरचे ऐकत नाहीत." डबे, उशा, रंगपेट्या पिशवीत भरून दिल्या.

संध्याकाळी घरमालक आले. मारुतराव, मूळचे इथले, पुनावळ्याचेच. ही बिल्डिंग त्यांच्या खळ्यावर उभी आहे. आत आले नाहीत. फाटकातूनच म्हणाले, "ताई, लोकं माज्याकडं येत्यात. येक तर पोरं सांबाळा, न्हाई तर कुत्री. दोन्ही जमायचं न्हाई."
"एकच कुत्रं चावलं, मारुतराव."
"मंग ते येक तरी काडा."

शनिवार, १५ फेब्रुवारी
दुसरा डोस झाला असेल. विचारलं नाही. चिंगी खाते-पिते. चौथा दिवस.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
दोनच मुलं. दुपारी घर इतकं शांत की पंख्याची कुरकुर ऐकू येते. शेरा दिवाणाखालून बाहेर येऊन हॉलभर हुंगत फिरला. पायाला धडकला. मग परत आत.

संध्याकाळी स्वरूपाचा फोन. सहा दिवसांनी. शेजारच्या मुलीकडे ठेवते म्हणे, ती दिवसभर मोबाईल देते. उद्या तिसरा डोस, शिवजयंतीची सुट्टी सगळ्यांना, हिच्या लाईनला ऑडिट. सुट्टी मिळत नाही.
मी म्हटलं, "मी नेते."
"मला तुमचा राग आहे, काकू."
"असू दे. किती वाजता येऊ?"

बुधवार, १९ फेब्रुवारी
रणजीतला सुट्टी होती. दोन्ही मुलांनाही.

संस्कृतीला घेऊन बसने गेले. डांगे चौकात ढोल-ताशे, भगवे फेटे, बस अर्धा तास जागेवर. तिने कानावर हात ठेवले. मी तिच्या हातांवर माझे ठेवले. मग तिने स्वतःचे काढून घेतले.

बाह्यरुग्ण विभाग बंद, इंजेक्शन तातडीच्या विभागात मिळालं. केसपेपरवर लिहिणाऱ्याने विचारलं, "आई का?" म्हटलं, "नाही, सांभाळते." त्याने तेही लिहिलं. कुत्रं पाळीव की भटकं? पाळीव. लस दिलेलं? हो. कुत्रं जिवंत आहे? हो. कुणाचं? माझं.

त्याने वर बघितलं. मग परत लिहायला लागला.

सुई टोचताना तिने माझा पदर दातांत धरला. आवाज नाही. बाहेर उसाचा रस प्यायलो. बसमध्ये माझ्या मांडीवर झोपली. वजन कमी आहे तिचं. डबा पूर्ण खात नसणार.

शनिवार, २२ फेब्रुवारी
दहा दिवस झाले, वर एक. चिंगी ठणठणीत. स्वरूपाला कळवलं. तिचं उत्तर: "ते कुत्रं घरात नसेल तर सोमवारपासून आणते. दुसरं पाळणाघर परवडण्यासारखं नाही आणि हिला तुमच्याकडचंच जेवण हवंय."

रणजीतला वाचून दाखवलं.
"भिमाजीच्या आईला राखणीला कुत्रं पाहिजेय," तो म्हणाला. भिमाजी त्याच्या लाईनवरचा, महाळुंग्याचाच. "मी आधीच विचारून ठेवलंय."
"मग बोलला का नाहीस?"
"तू म्हणशील याची वाट बघत होतो."

रविवार, २३ फेब्रुवारी
महाळुंगे. बाईकवर चिंगी आमच्या दोघांच्या मध्ये. तिला वाटलं फिरायला चाललोय. हायवेला कंटेनर दिसला की अंग चोरायची, मग परत मान वर.

भिमाजीची आई गवराबाई. तीन बाजूंनी कंपन्यांच्या भिंती, मध्ये हिचा गोठा आणि मेथीचं वावर. चिंगीला बघून म्हणाली, "बारीक हाय. पर डोळं हुशार हायती. चावकं हाय का?"
रणजीत म्हणाला, "नाही."
मी म्हटलं, "हो. लहान मुलीला चावली."
"आमच्यात ल्हान न्हाई कुनी. ऱ्हाऊ द्या."

साखळी खुंटाला बांधली. निघताना ती भुंकली नाही. साखळी ताणून उभी राहिली, पुढचे पाय हवेत. रणजीतने बाईक सुरू केली, बंद केली, परत सुरू केली.

सोमवार, २४ फेब्रुवारी
संस्कृती आली. चप्पल जोडून ठेवली. मागच्या दारापाशी गेली, जाळीतून बघितलं, परत आली. वरण-भात पूर्ण.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी
जुळ्यांची आई फोनवर: "गेलं का ते?" गेलं म्हटलं. सोमवारपासून येतात. मारुतरावही हसून बोलले. सगळं पूर्ववत. हॉल पुसायला अर्धाच वेळ लागतो. दुपटी शाबूत.

रणजीत कामापुरतं बोलतो. मीठ दे. पाणी आलं का. दुसरी पाळी आहे. आज दोन तास आधीच निघाला. कुठे जातो ते मी विचारत नाही. बुटांना शेण असतं.

बुधवार, ५ मार्च
पाच मुलं. संस्कृती आता बोलते, माझ्याशी. "काकू, निरंजनने शी केली." "काकू, ही माझी जागा." शेरा दिवाणाखालीच. ती त्याच्यापासून हातभर लांब बसते. कुत्र्यांची भीती बसली असणार. जाईल हळूहळू.

मंगळवार, ११ मार्च
उद्या शेवटचा डोस. स्वरूपा म्हणाली, "तुम्हीच न्या. तुमच्याबरोबर ती रडत नाही." राग गेलाय का, विचारलं नाही.

बुधवार, १२ मार्च
सकाळी पिंपरी. रणजीत घरी होता, चौघांकडे त्याने बघितलं.

नर्स गप्पिष्ट होती. पोरीचं लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून विचारलं, "कुणी चावलं गं आमच्या बाळाला?"
संस्कृती म्हणाली, "शेरा."
"चिंगी," मी म्हटलं.
"नाही. शेरा. मी त्याला बिस्कीट देत होते. त्याला दिसलं नाही. मग खाली पडलं ते चिंगीने खाल्लं."

सुई टोचून झाली होती. तिला कळलंही नाही.

महिनाभर हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. आईने विचारलं नाही, कारण मी सांगितलं होतं. मी विचारलं नाही, कारण—

घरी आल्यावर स्वयंपाकघरातच रणजीतला सांगितलं. तो डबा भरत होता. झाकण हातात तसंच राहिलं. "जाऊन आणतो," एवढंच म्हणाला. कंपनीत फोन करून रजा टाकली, बाईकची किल्ली घेतली.

आता साडेपाच. शेराला मागे नेऊन जाळीच्या दाराला कडी घातली आहे. बारा वर्षांत पहिल्यांदा. भुंकत नाही. नाक जाळीला लावून उभा आहे, मी कुठे आहे ते शोधत.

सहाला स्वरूपा येईल. फाटकातच सांगणार आहे.