तेजलला अद्याप आणले नाही, त्याविषयी

कुसगाव, ता. मावळ
दि. ९ जानेवारी

सौ. सरूबाई हिस,
केरबाचा सप्रेम जयभीम.

मी येथे कुशल आहे. गुडघा दुखत नाही. चढावर थोडा थांबतो, इतकेच. शेळी व्याली काय?

आपल्या नातीला दोन दिवसांत घेऊन येतो, असे मी तुला कबूल केले होते. आज सहावा दिवस आहे. रविवारी पाहुणे तिला पाहण्यास येणार, हे माझ्या पूर्ण ध्यानात आहे.

तेजलची बालवाडी म्हणजे बंगल्यांच्या बांधकामावरील पत्र्याची खोली. मजुरांची अठरा लेकरे तेथे बसतात. पूर्वी आईबाप त्यांना कोंडून कामावर जात असत. तेजल त्यांना गाणी शिकवते, हात धुण्यास लावते. एवढ्यासाठी बालशिक्षणाची पदविका कशाला, असे मी तिला सुनावलेही होते.

काल मुकादमाला तीच खोली सिमेंट ठेवण्यास हवी झाली. तेजल दारातून हलेना. "भाऊ, लेकरं काय खडीवर बसवू?"

तो मजकडे वळून म्हणाला, "आबा, लय बोलती तुमची नात. घरी न्या, लगीन लावा तिचं."

मी त्याच कामासाठी आलो होतो. तरी मी उत्तरलो, "ती कामावर आहे. तिच्याशीच बोला."

तो उद्या पुन्हा येणार आहे. मला चैन नाही. तोवर मी निघू शकत नाही.

पाहुण्यांना येऊ नका, असे कळव. नकार माझा आहे, असे सांग. मुलीचे नाव पुढे येऊ देऊ नकोस.

तुझा,
केरबा