गणित बाबांचं, मराठी आईचं

२१ जुलै

आज पुन्हा तेच. संघदीप सकाळी फुलसावंगीच्या मुक्कामी गाडीवरून आला, खाकी कपड्यांसकट पलंगावर पडला आणि घोरायला लागला. अकरा ते एक नयनचं गणित कोणाकडे? कंडक्टर साहेबांकडे. हलवून उठवलं तर म्हणे, "रातभर मच्छरायनं खाल्लं. तू काहून नाही घेत?"

मी काहून नाही घेत! नऊला लसीचा डबा घेऊन मला उपकेंद्रात पोचावं लागतं. मी आरोग्यसेविका आहे, नवऱ्याच्या झोपेची राखणदार नाही.

पोरगी घरीच शिकवायची, ही अक्कल त्याचीच. बाईंनी गृहपाठासाठी तिला उन्हात उभं केलं. हा शाळेत जाऊन भांडला, दाखलाच काढून आणला. साऱ्या डेपोत सांगत फिरला, "माह्या पोरीले मीच शिकवीन." मीही मान डोलावली होती. तेव्हा बरं वाटलं होतं.

२४ जुलै

नयनची वही पाहिली. तीन आठवडे तोच एक भागाकार. संघदीपशी बोलणं बंद.

२९ जुलै

बोलणं सुरू झालं ते भांडणानंच. मी म्हटलं, "प्रवाशाले सुट्टे मागाच्या पुढं गणित येते का तुमाले?"

"माह्यं गणित सोड. तुही मराठी कुठी हाय?"

खरं आहे. आठ दिवसांत एक धडा घेतला नाही. लसीकरण, बैठका, तो मेला ऑनलाइन रिपोर्ट. पण त्याच्या तोंडून ऐकून घेणार नाही मी. नयन ताट तसंच ठेवून उठली.

६ ऑगस्ट

शेजारच्या मैनाबाई म्हणाल्या, "लय गुणी पोरगी. दिवसभर दिसतच नाही, घरात अभ्यास करून राह्यते वाटते." टोमणा होता का कोण जाणे.

भागाकार मात्र जमायला लागलेत. म्हणजे नवऱ्याच्या डोक्यात उजेड पडला. मी काही त्याला शाबासकी देणार नाही. तोही आज माझ्याकडे बघून गालात हसला — त्याला कशाचं हसू आलं, देव जाणे.

१२ ऑगस्ट

जंताच्या गोळ्या वाटायला माणसं कमी पडली, म्हणून मला इथं पुसदमध्येच, नगर परिषदेच्या शाळेत पाठवलं. चौथीच्या यादीत सतरा नावं, रांगेत अठरा पोरं. शेवटी उभी नयन.

गुरुजी म्हणाले, "दोन आठवडे झाले, मॅडम. आईनं पाठवलं म्हणे, दाखला नंतर आणते. तुमची पोरगी हाय का?"

तिला व्हरांड्यात नेलं. विचारलं, काहून?

"घरी कोणी येतच नाही ना, आई. इथं गुरुजी रोज येते."

माझ्या हातातली गोळी घेतली, चावून खाल्ली आणि वर्गात जाऊन बसली.