टेपा जाळायच्या नाहीत

मी, संयोगिता केरबा इंगवले, वय चौऱ्याहत्तर, धंदा वन्यजीवांचे माहितीपट करणे व त्यांना आवाज देणे, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझे थोरले बंधू पृथ्वीराज यांना तो पटणार नाही. माझे डोके ठिकाणावर नाही, असे ते माझ्या विशीपासून म्हणत आले आहेत.

१. यापूर्वी केलेले माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात माझ्या सर्व टेपा जाळून टाकाव्यात असे लिहिले होते. तसे का लिहिले आणि आज का खोडते, हे माझ्या माघारी कोणी विचारेल, म्हणून सांगून ठेवते.

दाजीपूर, आंबा, चांदोली या रानांत मी आणि माझे कॅमेरामन रफिक मुजावर यांनी उमेदीची वर्षे काढली. माहितीपट तयार झाला की आम्ही तो आधी रानाकाठच्या गावांत दाखवायचो, मग तो टीव्हीवर जायचा. देवळाच्या पटांगणात रफिक धोतराचा पडदा बांधायचा आणि पोरासोरांसकट गाव जमायचे.

पुढे एका वाहिनीने आमचा बिबट्यावरचा माहितीपट घेतला. माझा आवाज काढून टाकला, ढोल घातले आणि एका गड्याला ‘रक्ताला चटावलेला सैतान’ म्हणून ओरडायला लावले. पिल्लांना तोंडात धरून दुसरीकडे हलवणारी मादी त्यात माणसे हुडकत फिरल्यासारखी दिसली. शेवटी नाव मात्र आमचेच ठेवले. महिन्याभरात एका गावात तारेच्या फासात अडकलेला बिबट्या लोकांनी ठेचून मारला. मी तिथे गेले, तर एक म्हातारा सरळ म्हणाला, ‘टीव्हीवर तुमचंच नाव आलतं की बाई. सोडला असता तर पोरं खाल्ली असती त्यानं.’

मी कोर्टात गेले. वाहिनीला तो कार्यक्रम बंद करावा लागला. पण माझी झोप गेली ती गेलीच. आपण मेल्यावर ही चित्रे पुन्हा कोणाच्या हाती लागतील आणि पुन्हा कोणते जनावर मरेल, या धास्तीने मी टेपा जाळण्याचे लिहिले. रफिकने ते वाचले आणि वर्षभर माझ्या दारात आला नाही.

गेल्या उन्हाळ्यात मलकापूरजवळ एका वस्तीवर बिबट्या विहिरीत पडला. दगड आणि रॉकेलचा कॅन घेऊन माणसे जमली. विहीर तानाबाई खोराटे यांची. त्या कठड्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. पुढचे त्यांच्याच तोंडचे लिहिते :

‘म्हटलं, दगडं खाली टाका. हीर माजी हाय. बिबट्याला वाट दिली की त्यो जातोय, अंगावर येत न्हाय. ल्हानपणी देवळाम्होरं पिक्चर बघितलाय म्या, त्यातली बाई सांगत हुती. तर दीर म्हणतोय, त्या बाईला काय कळतंय? म्हटलं, तुज्यापरास जास्त!’

त्यांनी दोर बांधून बाज खाली सोडली. दमलेला बिबट्या तिच्यावर चढून बसला. वनखात्याची माणसे आली, शिडी लावली, सगळ्यांना लांब उभे केले. दिवस मावळायच्या आत बिबट्या वर आला आणि कोणाकडे न बघता रानात गेला.

हे सांगायला तानाबाई वनखात्याच्या माणसांकडून पत्ता काढून, एसटीने फणस घेऊन माझ्या घरी आल्या. मी दार उघडून ‘कोण?’ एवढेच विचारले, तर म्हणाल्या, ‘व्हय, ह्योच आवाज!’ सगळे ऐकून मी रडायला लागले. त्या गडबडल्या. ‘रडताय काय? फणस कापा न्हवं.’

त्या दुपारी मी जेवले आणि गाढ झोपले. उठल्यावर रफिकला फोन केला.

२. सर्व टेपा, हक्कांसह, माझी भाची क्रांती हिला द्याव्यात. तिने त्या रानाकाठच्या शाळांत फुकट दाखवाव्यात. कोणत्याही वाहिनीला विकू नयेत. माझा आवाज काढू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

३. कॅमेरे, तंबू आणि जीप रफिक मुजावर यांना. जीप ढकलल्याशिवाय सुरू होत नाही, हे त्याच्याइतके कोणालाच माहीत नाही.

४. मंगळवार पेठेतील घरात पृथ्वीराज यांनी हयातभर राहावे, नंतर ते क्रांतीचे. ‘आमची संयोगिता माकडांमागं हिंडती,’ असे ते तालमीत सगळ्यांना सांगत. मात्र माझे कार्यक्रम ते दार लावून बघत, हे वहिनींनी शेवटच्या दुखण्यात मला सांगितले. एवढ्यावर मी भांडण मिटवले आहे. त्यांना जिना चढवत नाही, तेव्हा खालची खोली त्यांना द्यावी.

५. माझी शोकसभा घेऊ नये. बोलायचे ते मी आयुष्यभर माइकवर बोलले आहे.

रफिक आज साक्षीदार व्हायला इस्त्रीचा सदरा घालून आला. वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्षीची सही केली तर उद्या कोर्टात मृत्युपत्रावरच शंका घेतात. ‘मग जीप काढा माझ्या नावावरनं,’ रफिक म्हणाला, ‘सही करतो की मी.’ मी जीप काढलेली नाही. त्याला बाहेर कट्ट्यावर बसवले आहे. इथले उरकले की आम्ही दोघे रंकाळ्यावर पाखरे बघायला जाणार आहोत.

दुर्बीण कोणाला द्यायची ते लिहिलेले नाही. ती मला अजून लागते.

संयोगिता केरबा इंगवले (सही)

बाईंनी वरील मजकूर स्वतः वाचला व आम्हा दोघांच्या देखत सही केली :
१. डॉ. शमशाद शिकलगार (सही)
२. आदर्श भोपळे, शेजारी (सही)

ठिकाण : कोल्हापूर
दिनांक : १२ डिसेंबर २०२५